पाश्चात्य संगीताचा एकच सलग इतिहास वाचायचा असेल तर कोणता?

निषाद_पुणे

नमस्कार. पाश्चात्य अभिजात संगीताचा सुरुवातीपासून आजपर्यंतचा एक सलग इतिहास वाचायचा आहे. हिंदुस्थानी संगीत ऐकणं नेहमीचं आहे, पेटी वाजवता येते. स्टाफ नोटेशन मात्र अजून एकेक अक्षर लावत वाचावं तसं वाचतो.

संगीतकारांची चरित्रं नकोत. मोझार्टची कर्जं आणि बेथोवनचा बहिरेपणा कुठेही वाचायला मिळतो. एका आवाजात गाणारी माणसं शंभर वादकांच्या ऑर्केस्ट्रापर्यंत कशी पोचली आणि वाटेत प्रत्येक वळणावर नेमकं काय बदललं, हे समजून घ्यायचं आहे. रोज तास-दीड तास, असं वर्षभर देता येईल.

ग्राउट आणि टरस्किन ही दोन नावं सारखी समोर येतात. दोन्हींत फरक काय? जुनी आवृत्ती घेतली तर चालेल का? आणि पहिल्या पानापासूनच वाचावं का?

तळटीप

तुमच्यासाठी ग्राउट. कारण सांगतो.

'अ हिस्टरी ऑफ वेस्टर्न म्युझिक' हे डोनाल्ड ग्राउटचं पुस्तक 1960 साली आलं. तिसऱ्या आवृत्तीपासून (1980) क्लॉड पॅलिस्का सहलेखक झाले आणि सातव्या आवृत्तीपासून पीटर बर्कहोल्डर यांनी ते बरंचसं नव्यानं लिहिलं. दहावी आवृत्ती 2019 ची. नाव ग्राउटचं असलं तरी हल्ली हातात पडतं ते मुख्यतः बर्कहोल्डरचं पुस्तक. जवळपास हजार पानं आहेत, म्हणजे आठवड्याला वीस पानं धरली तर वर्ष बरोबर पुरतं आणि ऐकायलाही वेळ उरतो.

रिचर्ड टरस्किनचा 'ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ वेस्टर्न म्युझिक' 2005 साली सहा खंडांत निघाला. मजकुराचे खंड पाच, पानं चार हजारांच्या वर. रोज बारा पानं वाचली तरी नुसत्या वाचनात अकरा महिने जातील. आणि ती पानं कादंबरीच्या वेगानं उलटत नाहीत. तीन-चार पानांत एकाच रचनेची उकल चाललेली असते आणि मध्ये छापलेली स्वरलिपी डोक्यात वाजली नाही तर पुढचा युक्तिवाद हातातून निसटतो. अक्षर लावत वाचणाऱ्याची तिथे दमछाक होते.

तरीही टरस्किनची भूमिका आपल्याकडच्या वाचकानं जरूर समजून घ्यावी, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा त्यानेच पकडला आहे. तो सरळ सांगतो की हा 'लिखित' संगीताचा इतिहास आहे. सूर कागदावर उतरू लागले तिथे त्याची सुरुवात होते. जे लिहिलं गेलं नाही, ते बहुतेक त्याच्या कक्षेबाहेर. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते आणि दरवेळी नव्यानं घडते. तिकडे रचना कागदावर पक्की झाली, गायकापासून सुटी झाली, आणि मग एकाच वेळी चार-आठ-वीस वेगळ्या ओळी आधी ठरवून ठेवणं शक्य झालं. लिहिण्यानं संगीताचं काय केलं, हा प्रश्न मनात ठेवून वाचलंत तर कोणताही इतिहास दुप्पट देईल. वर्ष संपल्यावर टरस्किनचा एकोणिसाव्या शतकाचा खंड सुटा घ्या. पेपरबॅकमध्ये खंड वेगवेगळे मिळतात.

बाकीची नावं थोडक्यात. पॉल ग्रिफिथ्सचा 'अ कन्साइस हिस्टरी ऑफ वेस्टर्न म्युझिक' (2006) साडेतीनशे पानांच्या आसपास आहे. संगीत आणि काळाची जाणीव या धाग्यावर सगळं ओवलेलं, भाषा देखणी. पण रचनेच्या आत तो शिरत नाही, म्हणून मुख्य पुस्तक म्हणून नको. आधी दोन आठवड्यांत वाचून काढा आणि नकाशा डोक्यात बसवा. पॉल हेन्री लँगचं 'म्युझिक इन वेस्टर्न सिव्हिलायझेशन' (1941) समाज, धर्म, चित्रकला, राजकारण यांच्यासकट संगीत मांडतं. आवाका थक्क करणारा आहे, पण त्यात स्वरलिपीची उदाहरणं नाहीत आणि विसाव्या शतकासाठी ते उपयोगाचं नाही. जेराल्ड अब्राहमचा एका खंडातला 'कन्साइस ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ म्युझिक' (1979) नावाला संक्षिप्त. माहिती इतकी ठासून भरलेली आहे की तो संदर्भासाठीच बरा. भारतीय संगीतावर त्यात एक मध्यंतर-प्रकरण आहे, तेवढं मात्र कुतूहलानं वाचाच.

कोणतंही पुस्तक घेण्याआधी तीन ठिकाणं उघडून बघा.

पहिलं, पालेस्त्रीना, सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार. ट्रेंटची धर्मपरिषद (1545–1563) चर्चमधल्या बहुस्वरी गायनावर बंदी घालणार होती आणि पोप मार्सेलसच्या नावाच्या त्याच्या मासनं (चर्चच्या मुख्य उपासनेसाठी रचलेल्या गायनानं) ते गायन वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. तो मास 1567 साली छापला गेला आणि ही गोष्ट छापात दिसते ती 1607 मध्ये, म्हणजे पालेस्त्रीनाच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. शब्द स्पष्ट ऐकू यावेत ही परिषदेतली चर्चा खरी, 'वाचवलं' ही दंतकथा. पुस्तक ती घटना म्हणून सांगत असेल तर खाली ठेवा.

दुसरं, बाखचं 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' (पहिला भाग 1722). बाखनं हे आजच्या पियानोच्या समान अंतराच्या ट्यूनिंगसाठी लिहिलं, असं ठामपणे लिहिलेलं आढळलं तर लेखक ऐकीव माहितीवर चालला आहे. सगळ्या 24 स्वरपट्ट्या वापरता येतील असं ट्यूनिंग, इतकाच त्या नावाचा अर्थ. अशी ट्यूनिंग तेव्हा अनेक होती आणि त्यांत प्रत्येक पट्टीचा रंग थोडा वेगळा लागायचा. पेटीवाल्याला हा फरक चटकन कळेल.

तिसरं, बेथोवनची तिसरी सिंफनी, 'एरोइका'. तिथे नेपोलियन आणि फाडलेलं मुखपृष्ठ एवढंच असेल, तर ते पुस्तक तुमच्यासाठी नाही. पहिल्या भागाच्या सातव्या मात्राखंडात (बारमध्ये, म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात) काय होतं, हे सांगणारं पुस्तक तुम्हाला हवं आहे.

जुनीआवृत्ती

तळटीप यांच्याशी सहमत. आवृत्त्यांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

ग्राउटचं पुस्तक एकटं घेऊ नका. त्याच्याबरोबर 'नॉर्टन अँथॉलॉजी ऑफ वेस्टर्न म्युझिक' हा स्वरलिपींचा संग्रह असतो, हल्ली तीन खंडांत, दोनशेच्या वर रचना. मुख्य पुस्तकातला मजकूर या रचनांना क्रमांकानं बोलावतो: अमुक क्रमांक बघा, तिथे असं घडतं. आणि हे क्रमांक प्रत्येक आवृत्तीत बदलतात. मुख्य पुस्तक एका आवृत्तीचं आणि संग्रह दुसऱ्या, असं झालं की वाचताना उघडायला सांगितलेल्या जागी भलतीच रचना निघते.

आणखी एक खोच. पुस्तकाच्या आणि संग्रहाच्या आवृत्त्यांचे आकडे सारखे नसतात. संग्रह तिसऱ्या आवृत्तीबरोबर सुरू झाला, त्यामुळे तो कायम दोननं मागे आहे. दहाव्या आवृत्तीला आठवा संग्रह, नवव्याला सातवा, आठव्याला सहावा. 'आठवी' शी 'आठवा' जुळवून जुनी पुस्तकं घेणारे हमखास फसतात.

किती जुनी चालेल? सातवी किंवा त्यापुढची कोणतीही. सहावीपर्यंतची पुस्तकं टाकाऊ नाहीत, पण त्यांत शैलींचं वर्णन जास्त आणि ते संगीत कोणासाठी, कोणाच्या पैशांवर, कुठे वाजायचं याचा विचार कमी आहे. बर्कहोल्डरनी हा भाग वाढवला आणि अमेरिका, जॅझ, स्त्री-संगीतकार यांनाही नीट जागा दिली. आठवी-नववी जुन्या बाजारात दहावीपेक्षा खूप स्वस्त पडते आणि तुमच्या कामापुरता फरक नगण्य आहे.

नव्या आवृत्त्यांतल्या रचना ऐकण्यासाठी पुस्तकात एक कोड असतो आणि तो एकदाच चालतो. जुन्या प्रतीचा कोड वापरलेला असणार हे गृहीत धरा. अडत काही नाही, कारण संग्रहातल्या बहुतेक रचना यूट्यूबवर मिळतात. फक्त शोधताना त्या संगीतकाराच्या रचनासूचीतला क्रमांक त्याच्या आद्याक्षरासकट लिहा: मोझार्टसाठी 'के', बाखसाठी 'बीडब्ल्यूव्ही', शूबर्टसाठी 'डी'. 'सोनाटा इन सी मेजर' एवढंच टाकलंत तर कोणाचाही सोनाटा वाजेल.

हजार पानांचा धसका वाटत असेल तर याच पुस्तकाची बार्बारा हॅनिंग यांनी केलेली संक्षिप्त आवृत्ती आहे. प्रवाह तोच, उदाहरणं कमी. पण वर्षभर वेळ असेल तर मोठंच घ्या. संक्षेपात पहिला बळी जातो तो 'हे असं का झालं' या भागाचा.

मांडवीकाठ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: पहिल्या पानापासून वाचा.

सर्रास उलटा सल्ला मिळतो, बाखपासून किंवा 1600 पासून सुरू करा आणि मध्ययुग नंतर वाचा. पियानो ऐकत वाढलेल्या वाचकाला तो लागू पडतो, कारण त्याला मध्ययुगच परकं वाटतं. हिंदुस्थानी ऐकणाऱ्याचं उलट आहे. ग्रेगोरियन चांट, म्हणजे मध्ययुगातलं चर्चचं गायन: एकच ओळ, ताल नाही, शब्दाच्या वजनानं चालणारी, एका स्वरावर येऊन विसावणारी. आलाप ऐकणाऱ्या कानाला यात परकं काही नाही. परकं वाटेल ते पुढचं, आणि ते कसं आलं हे पहिल्या दोनशे पानांतच आहे.

साधारण 1025 च्या सुमारास आरेत्सोचा गुइदो हा साधू रेघांवर सूर मांडायची पद्धत पक्की करतो. एका स्तोत्राच्या सहा ओळी एकेक सूर चढत सुरू होतात, त्यांची पहिली अक्षरं घेऊन तो उत-रे-मि-फा-सोल-ला ही सरगम बनवतो. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यानपिढ्या शिकवला गेलेला सोल्फा या सहा अक्षरांतूनच आलेला आहे. मग पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये पेरोतँ या संगीतकाराचं 'विदेरुंत ओम्नेस' (1198). हे नक्की ऐका. चांटचा एकेक सूर खाली इतका लांबवलेला असतो की तो तंबोऱ्यासारखा भासतो आणि वर तीन आवाज नाचत असतात. पण फरक कान देऊन ऐका. तो खालचा सूर बदलतो. दोन-तीन मिनिटांनी आधार एकदम दुसरीकडे जातो आणि वरच्या तिघांचा अर्थच पालटतो. पुढच्या सहाशे वर्षांचं बीज त्या हलण्यात आहे.

तीन-चार आवाज वेगवेगळं गाऊन एका जागी भेटायचे तर प्रत्येक सूर किती वेळ धरायचा हे आधी ठरलेलं हवं. सगळ्यांना धरून ठेवणारं तालाचं आवर्तन तिथे नव्हतं. म्हणून 1280 च्या आसपास कोलोनच्या फ्रँकोनं सुराच्या आकृतीलाच कालमान दिलं: चौकोनाला शेपूट असेल तर लांब, नसेल तर आखूड. तळटीप म्हणतात ते 'लिहिण्यानं काय केलं' इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. बाखपासून सुरुवात करणाऱ्याला हे सगळं आयतं, आधीपासून असलेलं वाटतं.

एक धोका सांगून ठेवते. मोड्सचं (चर्चच्या गायनातल्या स्वररचनेच्या जुन्या प्रकारांचं) प्रकरण आलं की आपला वाचक लगेच थाट जुळवतो: डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. पेटीच्या पट्ट्यांपुरतं हे बरोबर आहे, ओळख पटायला वापराही. पण तिथेच थांबलात तर मोड कळणार नाही. चांटचा मोड ठरतो तो ओळ कोणत्या सुरावर संपते, कोणत्या सुरावर रेंगाळत शब्द म्हटले जातात आणि आवाका विश्रांतीच्या सुराच्या वर पसरतो की खाली, यावरून. डी या सुरावर संपणाऱ्या दोन मोड्समध्ये सूर तेच असतात. एक ए वर रेंगाळतो आणि वर पसरतो, दुसरा एफ वर रेंगाळतो आणि खालीही उतरतो. हे थाटापेक्षा रागाच्या जास्त जवळ आहे, वादी आणि चलन यांच्या. फक्त मागे षड्ज सतत वाजत नाही हे विसरू नका.

ग्रीक संगीताचं पहिलं प्रकरण तेवढं भरभर वाचा. तिथे सिद्धान्त खूप आहे आणि ऐकण्यासारखं हातात फार थोडं.

निषाद_पुणे

मनापासून आभार, तिघांचेही. नववी आवृत्ती आणि सातवा संग्रह शोधतो, आधी ग्रिफिथ्स.

मांडवीकाठताई, 'आधार हलतो' हे वाचून एक अडलं. 1700 नंतरच्या संगीतात मेजर-मायनर आलं की तो आधार म्हणजे षड्जच हलतो ना? हे पेटीवर बसून समजेल अशी एखादी रचना आहे का? आणि तळटीप, त्या सातव्या मात्राखंडात काय होतं?

तळटीप

हो, षड्जच हलतो. पेटीसाठी मोझार्टचा सोनाटा के. 545, पहिला भाग. फक्त 73 मात्राखंड. उजव्या हाताची ओळ पुरे, डावा हात सोडून द्या.

सा पांढरी एक (सी). सुरुवात: सा ग प, मंद्र नी, सा रे सा. मग सप्तकं धावतात आणि बाराव्या खंडाच्या शेवटी सगळं पंचमावर थांबतं. चौदाव्यात नवी धून येते. इथून सगळीकडे तीव्र मध्यम लागतो, पण त्याला कल्याण म्हणू नका. पंचमालाच सा माना: तीव्र मध्यम त्याचा शुद्ध निषाद होतो आणि सगळे सूर पुन्हा बिलावलचे दिसतात. अठ्ठाविसाव्या खंडापर्यंत वस्ती त्याच नव्या षड्जावर. वाजवताना आधी पांढरी एकचा भरणा (सतत वाजणारा आधाराचा सूर) धरा आणि चौदाव्यापासून पांढरी पाचचा. जुना भरणा चालू ठेवलात तर धून अधांतरी लटकल्यासारखी वाटेल. ही चूक एकदा मुद्दाम करून बघा, त्यातून जे कळतं ते दहा पानं वाचून कळत नाही.

बेचाळिसाव्या खंडात पहिली धून परत येते. रिवाजानं ती मूळ षड्जावर यायला हवी. मोझार्ट ती मध्यमावर, पांढरी चारवर आणतो. तिथून पुन्हा पंचमाला षड्ज करण्याची तीच उडी घेतली की माणूस आपोआप पांढरी एकवर, म्हणजे घरी पोचतो. एकोणसाठाव्या खंडात दुसरी धून मूळ षड्जावर येते.

आता एरोइका. सा काळी दोन (ई फ्लॅट). दोन खणखणीत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), मग तिसऱ्या खंडापासून चेलोवर सा ग सा, मंद्र प, सा ग प, परत सा, मंद्र नी, आणि सातव्या खंडात एकदम काळी एक. इतक्या सरळ चाललेल्या धूनमध्ये हा सूर कुठून आला, कळत नाही. इथे तो वर चढून पांढरी दोनला मिळतो आणि गाडी पुन्हा मार्गावर येते. भाग 691 खंडांचा आहे. जवळपास चारशेव्या खंडाला धून परत येते, तोच सूर पुन्हा लागतो, आणि आता तो खाली पांढरी एकवर उतरतो. त्या उतरण्यानं षड्ज चक्क रिषभावर, पांढरी चारवर जातो आणि तिथे हॉर्न एकट्यानं धून वाजवतो. पेटीवर पट्टी एकच, पण लिहिताना पहिल्यांदा सी शार्प आणि नंतर डी फ्लॅट, कारण एक वर ओढला जातो आणि दुसरा खाली. सुरुवातीला घातलेला तिढा पंधरा मिनिटांच्या भागात इतक्या उशिरा सोडवायचा, हे लिहून ठेवल्याशिवाय शक्य नव्हतं. आणि श्रोत्याला त्यातलं एक अक्षर माहीत नसलं तरी त्या हॉर्नच्या जागी काळजात हलतं.

जुनीआवृत्ती

एरोइकाचा स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळींची छापील स्वरलिपी) उघडाल तेव्हा हॉर्नच्या ओळीनं घाबरू नका. तिथे लिहिलेले सूर आणि ऐकू येणारे सूर वेगळे असतात. त्या काळच्या हॉर्नला झडपा नव्हत्या. वादक नळीचा तुकडा बदलून पट्टी बदलायचा आणि संगीतकार कायम सी धरून लिहायचा. म्हणजे ती ओळ आपल्या सरगमसारखीच वाचायची: लिहिलेला सी म्हणजे सा, आणि सा कोणता ते ओळीच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. तळटीप म्हणतात त्या एकल जागेसाठी पहिल्या हॉर्नला नळी बदलून एफची करायची सूचना आहे, तीही स्कोअरमध्ये दिसेल. व्हायोलाची 'सी' किल्ली (ओळीच्या सुरुवातीचं, कोणती रेघ कोणता सूर हे सांगणारं चिन्ह) मात्र वेगळी शिकावी लागते. मधली रेघ म्हणजे मधला सी, एवढं लक्षात ठेवलं की जमतं.

स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत आहेत. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे शोएनबर्ग (मृत्यू 1951) आता खुला आहे. स्ट्राविन्स्की (1971) आणि शोस्ताकोविच (1975) अजून नाहीत. संग्रहाचा तिसरा खंड म्हणूनच विकत घ्यावा लागेल. पहिल्या दोन खंडांतलं बरंचसं उतरवून घेता येतं, पण संग्रहात प्रत्येक रचनेवर टिपण आहे आणि शब्दांचं भाषांतरही, ते तिथे मिळणार नाही. पैसे बेतानं खर्च करायचे असतील तर पहिला आणि तिसरा खंड घ्या, दुसऱ्याचं काम आयएमएसएलपीवर भागवा.